जुन्या गाडीची कूलंटची टाकी गळते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँबेसेडर, पद्मिनी, कॉन्टेसा, जुनी महिंद्राची जीप, पहिल्या पिढीतली मारुती ८००. मराठवाड्यात या गाड्या अजूनही अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये, शेतातल्या आखाड्यावर जपून ठेवलेल्या दिसतात. आमच्या घरी वडिलांची १९७८ ची अँबेसेडर आहे. तिच्या निमित्ताने रेडिएटरशी जो संबंध आला, तो वाढतच गेला. मार्च लागला की बीड, जालना, लातूर, परभणीकडून विचारणा सुरू होते आणि तक्रार बहुतेक एकच असते: पाणी राहत नाही. (पाणी म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये भरलेलं साधं पाणी, किंवा त्यात कूलंट हे रसायन मिसळलेलं मिश्रण.) नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून सुरुवात आहे, अडचणीचे पुढे आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. कूलंटची टाकी म्हणजे नेमकी कोणती? माझ्या अँबेसेडरला तर दिसतच नाही.

या एका नावाने तीन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात आणि निम्मा घोटाळा इथूनच सुरू होतो.

पहिली, रेडिएटरची वरची टाकी. जाळीच्या वर बसवलेला पितळी डबा, त्यालाच तोंड आणि झाकण. जुन्या अँबेसेडर, पद्मिनी आणि जीपला एवढंच असतं. जास्तीचं पाणी तोंडाजवळच्या बारीक नळीतून सरळ जमिनीवर जातं. दुसरी, प्लास्टिकची बाटली. रेडिएटरचं झाकण रेडिएटरवरच असतं आणि ही बाटली बाजूला नळीने जोडलेली असते. तिच्यात दाब नसतो. तिसरी, दाबाची टाकी. प्लास्टिकची किंवा धातूची, पण दाबाचं झाकण तिच्यावरच असतं. ही बहुधा परदेशी किंवा नंतरच्या काळातल्या गाड्यांत सापडते.

ओळखायची खूण एकच: दाबाचा आकडा असलेलं झाकण कशावर आहे ते बघा. ते ज्या डब्यावर असेल त्या डब्यात गाडी चालताना दाब असतो, आणि त्याची दुरुस्ती जपून करायची असते.

२. गाडी लावली की खाली थोडं पाणी सांडतं. गळतीच असेल ना?

असेलच असं नाही. पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापलं की साधारण ४ टक्के फुगतं. यंत्रणेत ९ लिटर पाणी असेल तर जवळपास ३५० मिलीलिटर जास्तीचं होतं. बाटली नसलेल्या गाडीत ते नळीतून खाली पडणारच. पुष्कळ जण रोज सकाळी झाकण उघडून काठोकाठ पाणी भरतात, आणि तेवढंच पाणी संध्याकाळी सांडतं. वरची टाकी भरताना तोंडाच्या खाली दोन ते तीन सेंटिमीटर जागा सोडा आणि आठवडाभर हात लावू नका. पातळी तिथेच राहिली तर गळती नाही.

मागाहून एसी बसवलेला असेल तर डॅशबोर्डखालून स्वच्छ, बिनवासाचं पाणी ठिबकतं, ते एसीचं. कूलंट बोटाला चिकट लागतो. जिभेवर घेऊन बघण्याची सवय काही जुन्या मेकॅनिकांना असते, ती कृपा करून उचलू नका. कारण प्रश्न १७ मध्ये आहे.

३. गळती कुठून आहे, हे घरच्या घरी कसं शोधायचं?

गाडी पूर्ण थंड असताना बोनेट उघडा आणि आधी फक्त बघा. आपल्याकडच्या पाण्यात क्षार इतके असतात की गळतीच्या जागी पांढरा किंवा हिरवट थर जमतोच. पितळी टाकीवर तो शिवणीला, नळीच्या बुंध्याशी आणि तोंडाच्या कडेला सापडतो.

नंतर रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. डाग रेडिएटरच्या सरळ खाली आहे की पंख्यामागे, हे सकाळी कळतं. पंख्यामागे असेल तर वॉटर पंपाच्या पोटाला एक लहान भोक असतं ते बघा. तिथून पाणी येत असेल तर पंपाचं सील गेलं आहे आणि टाकीचा दोष नाही.

डाग सापडला पण भोक सापडत नाही, तर टाकी कोरड्या फडक्याने पुसून तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि इंजिन दहा मिनिटं चालवा. बारीक चीरसुद्धा पावडरीत ओली रेघ सोडते. पंख्यापासून हात, ओढणी, उपरणं लांब ठेवा.

काही गळत्या फक्त गरम असताना उघडतात, काही फक्त थंड असताना. पहाटे गळते आणि दुपारी थांबते अशी तक्रार असेल तर आधी होज पाइपच्या (रेडिएटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरी नळीच्या) क्लिपा तपासा. थंडीत रबर आकसतं आणि क्लिप सैल पडते.

४. रस्त्यात गाडी तापली. झाकण कधी उघडायचं?

इंजिन बंद केल्यावर किमान अर्धा तास थांबा. मे महिन्यात पाऊण तास. वरचा होज पाइप हाताने दाबून बघा. टणक आणि गरम असेल तर आत दाब आहे. पाइप मऊ पडला की जाड ओलं फडकं झाकणावर टाका, तोंड बाजूला ठेवा आणि झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. फुस्स आवाज पूर्ण थांबला की मगच दाबून उघडा.

यात घाई नकोच. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. बंद झाकणाखाली तेच पाणी ११० अंशांनाही पाणीच असतं. झाकण उघडताक्षणी त्याची वाफ होते आणि सगळी तोंडावर येते. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका.

आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, हेड (इंजिनाचा वरचा भाग) तडकतं. इंजिन चालू ठेवून थोडं थोडं घाला.

५. हळद टाकली की गळती बंद होते म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, तात्पुरतं. हळदीचे कण पाण्याबरोबर फिरतात, चिरेपाशी बाहेर पडायला बघतात, तिथेच फुगतात आणि अडकतात. वसमतकडच्या ट्रकवाल्यांना हे कुणी शिकवायला नको, हळद तिथलीच. टाचणीच्या टोकाएवढं भोक असेल तर मोठे दोन चमचे हळद गाडी घरापर्यंत आणू शकते. रात्री अकरा वाजता जिंतूरच्या रस्त्यावर अडकलात, तर जरूर टाका.

पण घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सगळं पाणी काढून यंत्रणा धुवा. हळदीला भोक आणि जाळीची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. महिनाभर तशीच ठेवली तर ती नळ्यांत गाळ होऊन बसते. बाजारात मिळणाऱ्या गळती बंद करणाऱ्या पावडरी आणि द्रावणांनाही हेच लागू आहे.

६. एम-सील किंवा अ‍ॅराल्डाइट लावून चालेल का?

पितळी टाकीवर, नीट घासून, कोरडी करून लावलं तर काही दिवस निघतात. पुढे डोकेदुखी होते, कारण नंतर तिथे सोल्डर मारायचं तर आधी तो सगळा थर खरवडून काढावा लागतो. थोडा जरी राहिला तरी सोल्डर धरत नाही.

प्लास्टिकच्या बाटलीवर तर ते चिकटतच नाही. बाटलीच्या तळाला किंवा मागे पीपी अशी अक्षरं दिसतील. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आपल्या घरातल्या बादल्या-डब्यांचं प्लास्टिक. त्याच्यावर एम-सीलसारखी एपॉक्सी वरवर बसते आणि एका तापण्यात पापुद्र्यासारखी सुटते. अशा बाटलीला त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वापरून गरम हवेचं वेल्डिंग करतात आणि ते टिकतं, कारण बाटलीत दाब नसतो. दाबाच्या प्लास्टिक टाकीला मात्र वेल्डिंगही करू नका. ती थेट बदला.

७. रेडिएटरवाला म्हणतो सोल्डर मारून देतो. टिकेल का? काम नीट झालं हे मला कसं कळणार?

पितळी टाकीला सोल्डर हाच खरा इलाज आहे. मुळात ती तशीच बनलेली असते, जाळी आणि टाकी सोल्डरनेच जोडलेली असतात. कथील आणि शिशाचं हे मिश्रण १८३ अंशांच्या पुढे वितळायला लागतं आणि गाडीतलं पाणी तिथवर कधीच पोचत नाही. नीट दिलेला डाख वर्षानुवर्षं टिकतो. आमच्या गाडीच्या टाकीवर एका कोपऱ्यातला टाका वडिलांच्या काळचा आहे.

सगळं घासकामावर अवलंबून असतं. मी ज्यांच्याकडे जातो ते काका आधी टाकीवरचा काळा रंग पूर्ण काढतात, मग तारेच्या ब्रशने घासतात. पितळ लग्नातल्या समईसारखं पिवळंधमक झाल्याशिवाय ते बत्ती पेटवत नाहीत. मग फ्लक्स (धातू स्वच्छ करून सोल्डर धरायला लावणारं रसायन) लावून ज्योत लांबून फिरवतात. सोल्डरची कांडी टेकवली की ती थेंबासारखी उभी न राहता पाण्यासारखी पसरते आणि शिवणीत ओढली जाते. तीच खूण बघायची. ज्यांनी लहानपणी दारात कल्हईवाला बसलेला पाहिला असेल, नवसागराचा तो पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्याखाली चकाकत पसरणारं कथील, त्यांना हे लगेच कळेल. धातू स्वच्छ आणि पुरेसा गरम असेल तरच कथील पसरतं. सोल्डर गोळ्या-गोळ्यांनी बसलेलं दिसलं तर ते वर बसलंय, आत गेलेलं नाही.

भोक गंजून मोठं झालं असेल तर नुसतं सोल्डर भरून चालत नाही. पितळी पत्र्याचा तुकडा ठिगळासारखा बसवून त्याच्या कडा सोल्डर करायच्या. काम झालं की टाकी खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवायला सांगा. फ्लक्समध्ये आम्ल असतं, ते राहिलं तर सहा महिन्यांत शेजारी नवं भोक पडतं.

शेवटी हौदातली तपासणी तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. सगळी तोंडं बंद करून रेडिएटर पाण्यात बुडवतात आणि हवा भरतात. हवेचा दाब झाकणावरच्या आकड्याएवढाच, त्याहून जास्त नाही. पाच मिनिटं पाणी शांत राहिलं पाहिजे. सुरुवातीला जाळीत अडकलेली हवा सुटते, तिला घाबरू नका; एकाच जागेवरून मण्यांच्या सरीसारखे बुडबुडे येत राहिले तर तिथे गळती आहे.

एक सावधगिरी. हे काम गेट-ग्रिल करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नेऊ नका. पितळाचं ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून सांधणं, ८०० अंशांच्या वर होतं, तेवढ्या उष्णतेने आजूबाजूच्या सगळ्या शिवणी वितळतात. आणि सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून ते स्वयंपाकघरात किंवा लेकरांच्या जवळ कधीच करू नका.

८. मग दुरुस्त करायची की नवी घ्यायची?

पितळी असेल तर आधी दुरुस्ती, हे माझं ठाम मत. जुन्या टाकीचा पत्रा आजच्या बदली टाक्यांपेक्षा बहुतेक वेळा जाड असतो, तोंडाचं माप बरोबर असतं आणि बसवायच्या पट्ट्या जागच्या जागी बसतात.

नवी घ्यायची वेळ कधी येते? टाकी नखाने दाबल्यावर पत्रा आत जात असेल, हिरवा गंज आतून पसरला असेल, किंवा एकाच वर्षात तिसऱ्यांदा वेगळ्या जागी गळती निघाली असेल. (तिसऱ्या कारणासाठी प्रश्न १५ आधी वाचा.) टाकी चांगली आणि जाळी खराब असेल तर फक्त जाळी बदलून मिळते. जुन्या टाक्या, नवी जाळी. संभाजीनगर, नांदेड, लातूरला हे काम करणारे कारागीर अजून आहेत. ट्रॅक्टरचे रेडिएटर करणारा कुणीही चांगला कारागीर ते करू शकतो.

प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ झालं असेल तर विचार करत बसू नका, बदला.

९. पितळी काढून अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर बसवला तर?

हलका असतो, उष्णताही चांगली सोडतो. पण त्याला सोल्डर होत नाही. फुटला तर टिग वेल्डिंग लागतं आणि ते गेवराईत किंवा औंढ्यात रस्त्याकडेला मिळणार नाही. शिवाय लोखंडी इंजिन आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात असले की अ‍ॅल्युमिनियम आधी गंजतं, म्हणून नुसतं पाणी घालून चालवायची सोयच राहत नाही. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर पितळच ठेवा.

१०. माझ्या पद्मिनीला बाटली नाही. दुसऱ्या गाडीची बसवता येईल का?

येते, आणि पाणी जपायला हा फार चांगला उपाय आहे. नुसती बाटली लटकवून नळी जोडली की काम होत नाही, तिथेच लोक चुकतात.

झाकण बदलावं लागतं. त्याला वरच्या बाजूलाही रबरी सील पाहिजे, आणि मध्ये उलट दिशेने उघडणारा छोटा वॉल्व्ह पाहिजे. इंजिन थंड होताना आत पोकळी तयार होते, त्या वॉल्व्हमधून बाटलीतलं पाणी परत ओढलं जातं. वरचं सील नसेल तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. नळी बाटलीच्या तळापर्यंत बुडालेली असली पाहिजे आणि बाटलीच्या झाकणाला हवेसाठी भोक पाहिजे. बाटली रेडिएटरच्या तोंडाच्या उंचीच्या आसपास बसवा, सायलेन्सरपासून लांब. लिटरभराची बाटली पुरते. जुन्या मारुतीची बाटली चालते, तिच्यावर पातळीच्या खुणाही असतात.

११. झाकण किती दाबाचं घ्यायचं? जास्त दाबाचं चांगलं ना?

नाही. गाडीच्या पुस्तकात किंवा मूळ झाकणावर जो आकडा आहे तोच घ्यायचा. झाकणांवर ४, ७, १३ असे आकडे असतात, ते पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब त्या मापात. जपानी पद्धतीच्या झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं, ते साधारण १३ च्या बरोबरीचं.

दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं, हे बरोबर आहे. ७ च्या झाकणाखाली साधारण १११ अंशांना, १३ च्या खाली जवळपास ११८ अंशांना. पण चाळीस-पन्नास वर्षांची शिवण तेवढा दाब पेलेलच असं नाही. आमच्या गाडीचं ७ चं झाकण गेलं तेव्हा एका दुकानात “हे जास्त भारी आहे” म्हणून १३ चं हातात दिलं गेलं. मी ते बसवलं. तुळजापूरला निघालो होतो, आई मागे बसलेली. मांजरसुंब्याचा घाट चढताना बोनेटखालून शिट्टीसारखा आवाज आला आणि समोरची काच वाफेने पांढरी झाली. टाकीची वरची शिवण चार बोटं उकलली होती. टोइंगच्या गाडीची वाट बघत आई तीन तास झाडाखाली बसली. तेव्हापासून झाकण आकडा वाचल्याशिवाय विकत घेत नाही.

झाकण स्वस्त असतं. त्याचं रबर कडक झालेलं दिसलं की टाकीला दोष देण्याआधी ते बदला.

१२. बोअरचं पाणी टाकलं तर काय होतं? आम्ही वर्षानुवर्षं तेच टाकतो.

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

मराठवाड्याखाली काळा बेसॉल्ट खडक आहे. बोअर जितका खोल, तितके पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सहसा जास्त. घरात बघा: पाणी तापवायच्या हंड्याला आतून पांढरा खर धरतो, गिझरची कॉइल दोन वर्षांत जाते. रेडिएटर म्हणजे रोज तापणारा हंडाच आहे, फक्त त्याच्या नळ्या दोन-तीन मिलीमीटर रुंदीच्या. खर बसला की नळ्या अरुंद होतात, पाणी फिरत नाही, इंजिन तापतं, दाब वाढतो आणि सगळ्यात कमजोर शिवण सुटते. तुम्ही ती शिवण जोडून आणता, परत तेच पाणी भरता आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसरी सुटते. टाकी बिचारी शेवटची कडी असते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात टँकरचं मिळेल ते पाणी गाडीत गेलं, आणि ते स्वाभाविक होतं, माणसांनाच प्यायला नव्हतं. त्यानंतर एका ओळखीच्या जीपची वरची टाकी उघडली तेव्हा मी शेजारी उभा होतो. आत भाकरीच्या पापुद्र्याएवढा पांढरा-तांबूस थर, आणि जाळीच्या निम्म्या नळ्यांची तोंडं बुजलेली.

काय वापरायचं? बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी. एका वेळी आठ-दहा लिटर लागतं आणि दोन वर्षं चालतं, खर्च फार नाही. घरच्या एसीच्या नळीतून पडणारं पाणीही स्वच्छ भांड्यात धरून, कापडातून गाळून वापरता येतं, त्यात क्षार जवळपास नसतात. आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं. पावसाचं पाणी, पहिले दोन पाऊस सोडून, स्वच्छ पत्र्यावरून धरलेलं, तेही चालतं. पण यातलं कुठलंही एकटं घालू नका, कूलंटबरोबरच घाला.

खर धरलाच असेल तर वरची टाकी उघडून जाळीच्या नळ्यांतून पातळ पोलादी पट्ट्या फिरवून घ्या, म्हणजे रॉड मारून घ्या. संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीच ओतू नका. ते खरासोबत सोल्डर आणि पितळातलं जस्तही खातं. सौम्य साफसफाईसाठी लिंबूसत पुरतं, नंतर भरपूर पाण्याने धुवायचं.

१३. कूलंट कोणता? हिरवा, लाल, की निळा?

रंगावर जाऊ नका, रंगाचा कुठलाही नियम नाही. डब्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. पितळ, सोल्डर आणि लोखंडी इंजिन असलेल्या गाडीला जुन्या पद्धतीचा, अकार्बनी रसायनांचा कूलंट हवा. तो बहुधा हिरवा असतो. “ओएटी” किंवा “लाँग लाइफ” लिहिलेले, सेंद्रिय आम्लांवर आधारलेले नवे कूलंट सोल्डरला आणि जुन्या गॅस्केटना (सांध्यांतल्या सीलना) मानवत नाहीत, ते टाळा. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे निम्मं-निम्मं करायची गरज नाही. एक भाग कूलंट, दोन भाग पाणी पुरे. उलट जास्त पाण्याचं मिश्रण उष्णता जास्त चांगली वाहून नेतं. तयार मिश्रण घेतलं असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नका. दर दोन वर्षांनी बदला, कारण गंज रोखणारी रसायनं संपतात. रंग मात्र तसाच दिसत राहतो.

१४. मेकॅनिकने थर्मोस्टॅटच काढून टाकला. म्हणाला, आपल्या उन्हाला लागत नाही. बरोबर केलं का?

ही चूक जवळपास प्रत्येक गावात होते. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणारी पाण्याच्या वाटेतली झडप, गाडी लवकर गरम करतो आणि मग योग्य तापमानावर धरून ठेवतो. तो काढला की इंजिन थंडच पळतं, पेट्रोल जास्त लागतं, आतली झीज वाढते. परभणीत डिसेंबरात पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा हे चांगलंच जाणवतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

तो अडकला आहे का ते घरी बघता येतं. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, पाणी तापवा, थर्मामीटर धरा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, बहुधा ८२, तो उघडायला लागला पाहिजे. ते पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका.

१५. दुरुस्त केली की दुसऱ्याच जागी गळते. असं का?

पाण्याचं कारण प्रश्न १२ मध्ये आलं. ते नसेल तर दोन गोष्टी बघा.

एक, रेडिएटरखालची रबरं. ती सुकून गेली की आपल्या रस्त्यांचा प्रत्येक हादरा थेट शिवणीला बसतो. इंजिनाची माउंटिंग रबरंही बघा. इंजिन पुढे-मागे हललं की होज पाइप टाकीची मान ओढतो आणि गळती मानेच्या बुंध्याशीच पुन्हा पुन्हा होते.

दोन, वाट चुकलेली वीज. मागाहून बसवलेला हॉर्न, पंखा, टेप यांचं अर्थिंग नीट नसेल तर वीज कूलंटमधून वाट काढते आणि धातू आतून खाते. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावा, लाल तार टाकीतल्या पाण्यात बुडवा, धातूला टेकवू नका. इंजिन चालू ठेवून एकेक उपकरण लावत जा. आकडा ०.३ व्होल्टच्या वर गेला की ते उपकरण गुन्हेगार. इंजिन ते चेसिस अर्थिंगची पट्टी नवी टाका, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

१६. गळती कुठेच दिसत नाही, तरी पाणी कमी होतं.

मग पाणी इंजिनाच्या आत जात असेल. थंड इंजिन झाकण काढून सुरू करा आणि तोंडात बघा: सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन यांच्यामधलं सील) गेल्याचा संशय. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येणं, किंवा ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसणं, ह्याही त्याच खुणा. तेलात पाणी दिसलं तर गाडी त्या क्षणी बंद करा आणि ओढून न्या. इथे टाकीवर पैसे घालवू नका.

१७. काढलेला जुना कूलंट कुठे टाकायचा?

हे मी कळकळीने सांगतो. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. मोठ्या माणसाला साधारण १०० मिलीलिटर जिवावर बेतू शकतं, लेकरांना आणि कुत्र्याला त्याहून फार कमी. उन्हाळ्यात तहानलेलं जनावर अंगणातल्या टबात तोंड घालणारच. आखाड्यावर काम करत असाल तर बैलांच्या हौदापासून आणि विहिरीपासून लांब जा, झाकणाच्या कॅनमध्येच पाणी काढा, सांडलेलं मातीने झाकून ती माती उचला. नालीत, बांधावर, तणावर ओतू नका. भरलेला कॅन वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या मोठ्या गॅरेजला द्या. कॅनवर ठळक अक्षरांत “विष” लिहा, आणि प्यायच्या पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

कुणी प्यायलंच तर लक्षणांची वाट बघू नका. सुरुवातीला फक्त नशा केल्यासारखं वाटतं, मूत्रपिंडं नंतर निकामी होतात. लगेच दवाखाना, जनावर असेल तर लगेच पशुवैद्य.

१८. टाकी बसवली, पाणी भरलं, तरी तापमानाचा काटा वर जातो.

आत हवा अडकली असेल. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे टाकीचं तोंड सगळ्यात उंच होईल. झाकण उघडं ठेवून सावकाश भरा, वरचा होज पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे निघतील. हीटर असेल तर त्याचा वॉल्व्ह उघडा ठेवा. इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेवढं परत भरा आणि झाकण लावा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा बघा.

१९. गाडी वर्षातून दोनदाच निघते, पोळ्याला आणि लग्नात. पाणी काढून ठेवू का?

नको. रिकाम्या टाकीत ओल आणि हवा राहते, गंज त्यातच लवकर धरतो. कूलंटचं मिश्रण पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत इंजिन चालवा.

२०. गाडीला व्हीए मालिकेचा व्हिंटेज नंबर आहे. टाकी बदलली तर नोंदणीला अडचण येईल का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाड्यांना ही नोंदणी मिळते. त्यात अडचण सांगितली आहे ती चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केल्याची. टाकीची दुरुस्ती किंवा तशाच टाकीने बदल ही देखभाल आहे. अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर बसवताना पुढचा पत्रा कापावा लागत असेल, तर मात्र कापू नका.

२१. बदललेली जुनी पितळी टाकी भंगारवाला मागतोय. देऊन टाकू?

देऊ नका. तिची मान, झाकणाचं तोंड आणि बाजूच्या पट्ट्या आज सहजासहजी मिळत नाहीत. पुढे कधी नवी टाकी गेली तर कारागीर त्याच मापावर दुसरी बनवू शकतो, किंवा जुनीचं तोंड काढून नवीला लावू शकतो. आतून धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, दोन्ही तोंडांना कापडाचे बोळे लावा आणि गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा.